रामाच्या गालिच्यावरचा हिरवा डाग

मंडळी, ऐका! आज गाणं नंतर, आधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका. पांढऱ्या स्वच्छ कापडावर डाग पडला — तर पहिलं काम काय?

बोला की! "धुवायचं" — कोण म्हणालं? बरोबर. "घासायचं" — हा आवाज बायकांतून आला, त्यात अनुभव आहे! आणि ते मागून कोण बोललं? "कोणी पाडला ते आधी शोधायचं"! वा! टाळी द्या त्यांना! आपली पद्धत सांगितली त्यांनी. डाग ओला असतो तेव्हा आपण माणूस शोधत फिरतो. माणूस सापडेपर्यंत डाग वाळून जातो. मग दोघांनाही घासत बसायचं!

तर माझा खरा प्रश्न असा — डाग पाडणारा मोठा अपराधी, की तो पसरवणारा? आत्ता उत्तर देऊ नका. तासाभराने विचारतो.

तुम्हाला वाटत असेल, बुवा आता पुराणातली गोष्ट काढणार. नाही! पुराणातल्या लोकांची एक फार मोठी सोय असते. आपण काहीही सांगितलं तरी ते उठून "असं नव्हतं झालं" म्हणत नाहीत. आजच्या आख्यानातली माणसं मात्र इथं, या आंबेधोंडच्या राममंदिरात, माझ्यासमोर मांडी घालून बसलीत. चुकलो तर लगेच टोका! पेटीवाले भास्करराव, तुम्हीसुद्धा. तुम्ही साक्षीदार आहात.

आख्यान कशाचं? माझ्या पायांखाली बघा. या गालिच्याचं!

पुढच्यांना दिसतोय, मागच्यांना सांगतो. दुधी रंगाची लोकर, काठाला निळी वेल. आणि हा बघा — या डाव्या खांबापाशी, कोनाड्याच्या बरोबर खाली — एक डाग. पुरणपोळीएवढा. फिकट, मळकट, आणि नीट पाहिलं तर जरासा हिरवट. गेल्या वर्षीच्या सप्ताहात दुसऱ्या दिवशी पडला. कशाचा आहे, गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. वाइनचा! लाल वाइनचा, रामाच्या देवळात!

आता बाहेरगावाहून आलेली पाहुणे मंडळी विचारतील — अहो, वाइन लाल, डाग हिरवा कसा? विचारा! हाच प्रश्न विचारायला हवा होता, पण त्या दिवशी एकाच पोरीने विचारला. बाकीचे आपण सगळे शहाणे होतो ना!

तर पहिल्यापासून सांगतो.

या गावात हवालदार तात्याबा नावाचे गृहस्थ होते. फौजेत होते, काश्मिरात होते. निवृत्त होऊन आले तेव्हा लोकांनी विचारलं, काय आणलंत? सफरचंदं? अक्रोड? त्यांनी पाठीवरून वळकटी उतरवली आणि हा गालिचा उलगडला. घरी बायको, धुरपदाबाई. आपण सगळे त्यांना मावशी म्हणतो. त्या हरखल्या! म्हणाल्या, "पुढच्या खोलीत अंथरते. पाहुणारावळा आला की बघल तरी." तात्याबा म्हणाले, "आपल्या घरी रामापेक्षा मोठा पाहुणा कोण येणारे?" आणि आणून टाकला इथं, देवळात!

मावशी आठ दिवस बोलल्या नाहीत नवऱ्याशी. खरं की नाही मावशी? बघा, हसतायत. नवव्या दिवशी स्वतः उठल्या, देवळात आल्या, आणि म्हणाल्या, "दिलाय तर दिलाय. पण ह्याची काळजी मी घेणार." तेव्हापासून देवळाची किल्ली मावशींच्या कमरेला. दर एकादशीला गालिचा बाहेर, काठीने झटकून, सावलीत पालथा घालून, पुन्हा आत. पुढं तात्याबा गेले. घरात त्यांचा एक फोटो, एक टोपी, आणि देवळात हा गालिचा. एवढंच मागं राहिलं. म्हणून मावशींना सकाळ झाली की देवळात यायचं असायचं. देव बघायलाही, आणि हेही बघायला.

आणि कडक किती! मी मोठा बुवा, गळ्यात हार, लोक पाया पडतायत — तर दारातच आवाज, "बुवा, पाय पुसा!" मी पुसले. पुन्हा आवाज, "टाचा राहिल्या!"

आता दुसरी गोष्ट. तुमच्या गावची रीत, पहिल्या वाट्याची. बाहेरच्यांना सांगतो. सप्ताहात ज्याच्या घरी वर्षात जे नवं तयार झालं, त्यातला पहिला वाटा देवापुढं ठेवायचा. गाय व्याली तर खरवस, गुऱ्हाळ लागलं तर गुळाची ढेप. कुंभाराने नव्या भट्टीची पहिली पणती आणली. एका पोराने बारावीच्या निकालाचा कागद आणून ठेवला — मार्क मी पाहिले नाहीत, देवाने पाहिले असतील! दिवसभर ठेवायचा, संध्याकाळी पाया पडून घरी न्यायचा. फार गोड रीत आहे.

आणि गावात पिकतं काय? द्राक्ष! त्यातली निम्मी जातात त्या टेकडीपलीकडच्या वाइनच्या कारखान्यात. बाग आपली, फवारणी आपली, घड आपले, गाडी भरून आपणच पोचवतो — आणि तिकडं त्याची वाइन झाली की इकडं आपण नाक मुरडतो! असू दे, असू दे. मी आज कोणाला काही म्हणायला उभा नाही. का नाही, ते पुढं कळेल.

त्या कारखान्यात या गावची एक लेक कामाला आहे, मंजुळा. शिकलेली पोर. द्राक्षं उतरली की रस काढायचा, आंबवायचा, चाखायचं, लिहून ठेवायचं, हे तिचं काम. गेल्या वर्षी तिच्या साहेबांनी तिला पहिल्यांदा सांगितलं, "हे एक पिंप तुझं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच कर." सात महिने ती पोर त्या पिंपाच्या मागं! आणि चांगली झाली वाइन. सगळ्यांनी नाव काढलं.

आता तुम्ही सांगा. कुंभाराची पहिली पणती देवापुढं येते. मग त्या पोरीने आपला पहिला वाटा कुठं न्यायचा?

सकाळी ती तांब्याचा एक लोटा घेऊन देवळात आली. पदराखाली झाकून. मावशी गालिच्यावरच्या पाकळ्या वेचत होत्या. पोर म्हणाली, "मावशी, माझा पहिला वाटा आणलाय. वाइन आहे. देवाला चालेल का गं?"

मावशींचं उत्तर ऐका. काशीच्या पंडितांना सुचायचं नाही! म्हणाल्या, "देवाला काय चालतं ते देवाला विचार बाई. मला गालिच्याचं विचार."

"मग गालिच्याला?"

"गालिच्यावर नाय चालायचं. सांडलं म्हंजी? त्या कोनाड्यात ठेव. वर झाकणी घाल. सांजच्याला पाया पड आन् गपचूप घेऊन जा."

पोरीने कोनाड्यात लोटा ठेवला. वर झाकणी ठेवली. आणि हात जोडताना तिला काय वाटलं कोण जाणे, पुढ्यातल्या तुळशीचं एक पान उचलून झाकणीवर ठेवलं. भक्तीने ठेवलं हो! पण मंडळी, सगळी गोष्ट त्या पानाने फिरली.

का? तांब्याचा लोटा, देवळाचा कोनाडा, वर तुळशीचं पान. तुम्ही असता तर काय समजला असता?

तीर्थ! बरोबर. कोणीही तेच समजेल.

दुपार झाली. मावशी जेवायला घरी गेल्या. ऊन असं की गावात कुत्रं नाही रस्त्यावर. आणि देवळात कोणीतरी आलं.

कोण? — सांगतो. आज सांगणार आहे, नाव घेऊन सांगणार आहे. आत्ता नाही! असे एकमेकांकडे बघू नका. अण्णा, तुम्ही सुद्धा!

तर ते कोणीतरी आलं. घसा कोरडा. इकडं बघितलं, माठ रिकामा. तिकडं बघितलं, तर कोनाड्यात लोटा! मोठ्या भक्तीने तुळशीचं पान कपाळाला लावलं. झाकणी काढली. आत अंधार, काय दिसणार? मान मागं टाकली, लोटा वर धरला, ओठ न लावता — आपली पद्धत, वरून! — घटाघटा धार सोडली.

पहिला घोट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला जिभेला कळलं! आंबट! तुरट! जीभ टाळूला चिकटली, नाकात वास घुसला, असा ठसका लागला म्हणता! लोटा सुटला हातातून. ठण्णकन वाजला खांबावर, आणि उरलेली सगळी लाल वाइन — या गालिच्यावर.

आता एक क्षण थांबा. त्या माणसाचा काय दोष? काही नाही. तहान लागली, तीर्थ समजला, प्यायला, सांडलं. तिथंच ओरडला असता, "अहो मावशी, धावा हो" — तर आज हे आख्यान नसतं. पण तो ओरडला नाही. त्याने दाराकडं बघितलं. कोणी पाहिलं तर नाही ना? मंडळी, गालिच्यावर वाइन पडली होती. पण गोष्ट बिघडली ती या बघण्याने.

मग त्याने काय केलं? गुडघ्यावर बसला, अंगावरच्या कापडाचं टोक धरलं, आणि घासायला लागला. जोर लावून! डाग होता तळहाताएवढा. घासून घासून झाला ताटाएवढा! घाम फुटला. काय करावं? खिशात हात गेला. खिशात काय? चुन्याची डबी! त्याच्या डोक्यात काय प्रकाश पडला बघा — चुन्याने भिंत पांढरी होते, मग गालिचा का होणार नाही? काय अक्कल! सगळी डबी बोटाने खरवडून काढली आणि चोळली त्या डागावर.

आणि मंडळी — डाग निळा झाला! डोळ्यांदेखत! लालाचा निळा, निळ्याचा हिरवा! शेवाळ्यासारखा हिरवागार डाग!

त्याला वाटलं, रामराया कोपला. मूर्तीकडं बघायची हिंमत होईना. कोपऱ्यातली सतरंजी ओढली, डागावर टाकली. रिकामा लोटा कोनाड्यात, वर झाकणी, झाकणीवर ते तुळशीचं पान — आणि पसार!

भास्करराव, हसू नका. पुढं तुमचाच प्रवेश आहे.

संध्याकाळी मंडप भरला. भास्करराव पेटी घेऊन आले. त्यांना सरळ रेषेत बसल्याशिवाय सूर लागत नाही! म्हणाले, "ही सतरंजी इथं कोणी टाकली?" आणि उचलली. बायकांतून एकच आवाज — "अगं बाई!"

मग काय विचारता! प्रत्येकजण शास्त्रज्ञ. एकजण म्हणाला, तांब्याचं विष उतरलंय, हात लावू नका. एक म्हणाला, अपशकुन आहे, शांत करावी लागेल. आपले एक आजोबा म्हणाले, हिरवा आहे म्हणजे औंदा पाऊस चांगला! आणि कोणीतरी त्यांना नमस्कारही केला!

तेवढ्यात मंजुळा आली, आपला लोटा न्यायला. लोटा रिकामा. खाली डाग. पोरगी पांढरी पडली. पण पळाली नाही हो! पुढं आली आणि म्हणाली, "ही माझी वाइन आहे. माझा पहिला वाटा म्हणून सकाळी मी आणली होती."

झालं! मंडप उसळला. देवळात दारू! मागचे उठले, पुढचे उठले. देवस्थानचे अध्यक्ष कारभारीअण्णा पुढं आले. अण्णा, मी खरं तेच सांगतो, तुम्ही आवाज चढवला नव्हता. तुम्ही म्हणालात, "पोरी, आणली ती आणली, पन सांडलीस कशाला? आन् सांडली तर झाकून ठेवलीस?"

ती म्हणाली, "अण्णा, मी सांडली नाही. मी कोनाड्यात ठेवली होती. आणि एक सांगू? वाइनचा डाग आपोआप हिरवा होत नाही. ह्याला कोणीतरी काहीतरी लावलंय."

"म्हंजी?"

"एक लिंबू देता का कोणी?"

नैवेद्याच्या ताटातलं लिंबू कापलं. पोर खाली बसली. सगळ्यांनी माना पुढं काढल्या, मागच्या बायका पाटांवर चढल्या. तिने लिंबाचे चार थेंब पिळले डागाच्या एका कडेला. आणि तेवढा भाग — हिरव्याचा पुन्हा लाल! भास्करराव, आठवतंय? तुमच्या हातातून पेटीचा भाता सुटला होता!

"बघा," ती म्हणाली. "द्राक्षाचा रंग असा असतो. आंबट पडलं की लाल, खार पडला की हिरवा. इथं कोणीतरी सोडा नाहीतर चुना चोळलाय." तिने नखाने लोकर उकरली, नखाला पांढरं लागलं. "चुना आहे."

चुना! मंडळी, त्या दिवशी मंडपात पुरुष किती होते? पन्नास-साठ. त्यात चुन्याची डबी किती जणांच्या खिशात? मी बघत होतो ना! एकदम सगळ्यांचे हात खिशांवर गेले! एकजण हळूच सरकून चपलांपाशी जाऊन आला, त्याची डबी आजही तिथंच कुठंतरी असेल. अण्णांनीसुद्धा कोटाचं बटण लावलं! जो तो शेजाऱ्याकडं बघतोय. चुना कोणाचा? चुना कोणाचा?

आणि त्या गोंधळात एक म्हातारा आवाज आला. "माझा."

धुरपदामावशी!

"देवळात आणू म्या दिली. माझ्याच हातनं सांडली, म्याच घासली, चुनाबी म्याच लावला. त्या पोरीला बोलू नका."

आणि मंडळी, इथं मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. आपण पन्नास-साठ शहाणी माणसं होतो. मावशी पान खात नाहीत. तंबाखू खात नाहीत. दात कुठं आहेत खायला! मग मावशींकडं चुना आला कुठून? कोणीच विचारलं नाही! का विचारलं नाही? कारण अपराधी सापडला होता. सापडला की आपण सुटलो! सगळ्यांचे हात खिशावरून खाली आले.

अण्णा म्हणाले, "मावशी, वय झालं तुमचं. आता आराम करा. किल्ली द्या."

मावशींनी कमरेची किल्ली सोडली. गाठ सुटायला वेळ लागला, बोटांनी पुन्हा पुन्हा धरावी लागली. दिली. आणि सरळ मंजुळाजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "पोरी, ह्याला आता काय करायचं ते सांग. माझ्या माणसानं आणलेला हाय."

तेव्हा त्या पोरीने काय केलं ते नीट ऐका. आज घरी न्यायची वस्तू ही आहे. तिने पांढऱ्या धोतराचे तुकडे मागितले. थंड पाणी मागितलं. कोणीतरी गरम आणलं, ते परत पाठवलं, गरम पाण्याने डाग पक्का होतो म्हणाली. राहिलेलं लिंबू सगळ्या डागावर पिळलं, तो पुन्हा लाल झाला. मग तुकड्याची घडी केली, थंड पाण्यात भिजवून पिळली, आणि डागावर ठेवून तळहाताने नुसती दाबली. उचलली. घडी लाल! दुसरी घडी. पुन्हा दाबली. बाहेरच्या कडेपासून आत येत गेली, आतून बाहेर नाही. मग थंड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि थोडं व्हिनेगर, आणि पुन्हा तेच. ठेव, दाब, उचल.

मावशींचा हात सवयीने घासायला गेला. पोरीने हळूच धरला. "घासू नको मावशी. घासलं की आत जातो आणि पसरतो. टिपायचं. त्याला वर यायला वाट द्यायची."

दोघी बसल्या होत्या, एक सत्तरीची, एक पंचविशीची. अर्धा तास ठेव, दाब, उचल. आणि डाग निघत गेला हो! लाल गेला, गुलाबी गेला. शेवटी एवढा राहिला, हा जो दिसतोय तो. मावशींनी विचारलं, "आन् हा?"

पोर म्हणाली, "हा नाही जायचा. पडल्या पडल्या टिपला असता तर सगळा गेला असता, नावसुद्धा राहिलं नसतं. पण घासून लोकर तुटलीय आणि चुन्याने जळलीय. हा डाग वाइनचा नाही मावशी. हा घासल्याचा आहे."

मी इथंच उभा होतो, हातात चिपळ्या घेऊन. ते वाक्य मी ऐकलं. आणि कीर्तन सुरू केलं.

आता राहिलं एकच. चुना कोणाचा? सांगायचं कबूल केलंय. सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या उतरायच्या खोलीच्या दारात आल्या. पाय पुसा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बुवा, कालचं उपरणं द्या. धुऊन आणते."

उपरणं! बुवांचं उपरणं मावशींनी कशाला धुवायचं?

कारण त्याचं एक टोक हिरवं होतं, मंडळी.

मी! तो कोणीतरी म्हणजे मी, दिगंबरबुवा जोर्वेकर! दुपारी आख्यानाची तालीम करायला मी आलो होतो देवळात. तीन घोट मी घेतले. लोटा मी पाडला. घासलं मी, चुना माझा, सतरंजी मी टाकली. आणि का ओरडलो नाही, तेही सांगतो. आदल्याच दिवशी, सप्ताहाच्या पहिल्या कीर्तनात, मी इथं उभं राहून तीन तास दारूवर बोललो होतो! चौघांना तुळशीला हात लावून शपथ घ्यायला लावली होती! आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच तोंडाला वास! कोणाला सांगणार? कोण विश्वास ठेवणार, तीर्थ समजून प्यायलो म्हणून? तुम्ही ठेवला असता? आज ठेवताय?

नाही ना? बरोबर आहे. मलाही तेव्हा हीच भीती होती.

मी उपरणं पुढं केलं. मान वर होईना. म्हटलं, "मावशी, तुम्हाला कधी कळलं?"

"काल संध्याकाळीच. तुमी गालिच्यावर आले तवा. पदर खोचावा तसं टोक खोचलं होतं तुमी. एरवी सोडता."

"मग नाव का नाही घेतलंत माझं?"

मावशी म्हणाल्या, "अजून पाच दिस कीर्तन व्हायचंय गावात. तुमचं नाव घेतलं असतं तर कोणी ऐकलं असतं तुमचं? आन् त्या चौघांची शपथबी मोडली असती. तुमाला सांगायचं असंल तर तुमी सांगाल. मी कशाला घासू?"

संध्याकाळी उपरणं परत आलं. लिंबू लावून, टिपून, वाळवून, घडी घालून. पांढरंशुभ्र! एवढंच म्हणाल्या, "बुवा, चुना जरा कमी खात जा. जीभ भाजती."

आणि मी काय केलं? ते शुभ्र उपरणं खांद्यावर टाकलं आणि उरलेली पाच कीर्तनं केली. त्यातलं एक सत्यावर होतं! तुम्ही टाळ्या दिल्या. बिदागी घेतली, गाडीत बसलो. एक वर्ष झालं. या वर्षात मी गावोगाव बोललो, आणि प्रत्येक वेळी उपरणं खांद्यावर टाकताना मला मावशींची बोटं दिसायची, गाठ सोडणारी. मला लाज वाटते. साधी गोष्ट आहे, मला माझी लाज वाटते.

यंदा अण्णांचं निमंत्रण आलं. मी म्हटलं, येतो, पण त्याच गालिच्यावर उभा राहीन. अण्णांना वाटलं बुवांचा जीव आहे गालिच्यावर!

मघाशी मंडपात आलो, तर मावशी कुठं? समोर नाहीत. खांबापाशी नाहीत. वर्षभर त्या मागं बसतात, चपलांपाशी. तात्याबांचा गालिचा तिथून दिसतही नाही नीट. मावशी, उठा. पुढं या. अरे, वाट द्या त्यांना. हळू. या, इथं.

आणि मंजुळा आहे का? आहे. पोरी, गेल्या वर्षी दोष काहीही नसताना तू पुढं येऊन "माझी आहे" म्हणालीस. सात बुवांची कीर्तनं एका पारड्यात टाकली तरी तुझं ते एक वाक्य भारी आहे. तुझा पहिला वाटा देवाला पोचला की नाही मला ठाऊक नाही. मला पोचला!

आता मघाचा प्रश्न. डाग पाडणारा मोठा अपराधी, की पसरवणारा? अहो, सांडतं सगळ्यांकडून. तुमच्याकडून सांडतं, माझ्याकडून सांडतं. सून आहे, तिच्याकडून दूध उतू जातं, शब्द उतू जातो. मुलगा आहे, एखादं वर्ष वाया घालवतो. त्यावर थंड पाण्याची घडी ठेवायची की नाही? नाही! आपण काय करतो? पाहुण्यांसमोर घासतो. लग्नात घासतो, बारशाला घासतो. दहा वर्षांनी पुन्हा तोच विषय काढून घासतो! आणि मग म्हणतो, बघा, डाग जात नाही. तो तिचा डाग राहिलेला नसतो, तो तुमच्या घासण्याचा असतो.

आणि स्वतःचं सांडलं तर? तेव्हा आपण माझ्यासारखे. आधी दाराकडं बघतो!

घाला, जरा खिशात हात घाला. हसू नका, घाला! डबी आहे ना? प्रत्येकाची डबी आहे. ती कोणावर चोळलीय वर्षभरात, एवढं एक नाव आठवा. मोठ्याने नको. आणि उद्या सकाळी त्या माणसाकडं जा. भाषण करू नका, नुसतं जाऊन बसा थोडा वेळ त्याच्याजवळ.

माझ्या डबीचं नाव मला आठवलंय. मावशी, मी तुमच्या पाया पडतो. नको कसं? बुवा असलो म्हणून काय झालं! चुना माझा होता, आणि किल्ली तुमची गेली. त्या चौघांनाही सांगतो, माझ्यामुळं शपथ मोडू नका, मोडायचंच तर माझं कीर्तन मोडा.

अण्णा, किल्ली खिशात आहे ना? काढा. तुमच्या हाताने द्या. अण्णा, तुमचे डोळे का भरले? तुम्ही तर आवाजही चढवला नव्हता. द्या. बांधा मावशी, कमरेला बांधा. गाठ मी बघतो... बसली. पक्की बसली.

बोला काहीतरी मावशी. वर्षभर बोलला नाहीत. सगळं गाव ऐकतंय.

"काय बोलू? बुवा, झालं आसंल तर उतरा गालिच्यावरनं. समद्यांनी उठा. झटकायचाय मला त्यो, वरीस झालं कोणी काठी लावली नाय!"

उतरलो, मावशी, उतरलो! मंडळी, उठा, मालकीण आली! आणि उठता उठता एकदा मोकळ्या गळ्याने बोला — सगळ्यांच्या डागांसकट ज्याच्या दारात येता येतं, त्या रामरायाचा जयजयकार असो!

आणि जाताना, मंडळी, टाचा पुसा.